बेटर लाइफ इंडेक्स : अकरा पाकळ्यांची फुले, नाशिकमधून पाहिलेली

पॅरिसमध्ये मुख्यालय असलेल्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजेच ओईसीडीने, आपल्या स्थापनेच्या पन्नासाव्या वर्षी, मे २०११ मध्ये, ‘बेटर लाइफ इंडेक्स’ ही विनामूल्य ऑनलाइन सेवा सुरू केली. देशाची प्रगती केवळ सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, आकड्यावरून न ठरवता लोक प्रत्यक्षात कसे जगतात यावरून ठरवायची झाल्यास काय चित्र दिसेल, हे कोणालाही स्वतःच्या हाताने करून पाहता यावे, हा तिचा हेतू आहे. मी ही सेवा नाशिकमध्ये घरच्या आणि शेजारच्या मंडळींसोबत बसून सावकाश वापरून पाहिली. माझे मत आधीच सांगून टाकते : कल्पना उत्तम आहे, मांडणी देखणी आहे आणि अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसालाही ती विचार करायला लावते; परंतु तिच्यातील मोजपट्ट्या ज्या समाजांसाठी आखलेल्या आहेत त्यांत आपला समाज मावत नाही, आणि हा दोष भाषांतराने किंवा आकडे ताजे करण्याने दूर होण्यासारखा नाही.

पान उघडले की देठांवर उभी असलेली फुले दिसतात. एक फूल म्हणजे एक देश. प्रत्येक फुलाला अकरा पाकळ्या असतात : घर, उत्पन्न, रोजगार, समाजाचा आधार, शिक्षण, पर्यावरण, नागरी सहभाग, आरोग्य, जीवनाविषयी समाधान, सुरक्षितता आणि काम व खासगी आयुष्य यांचा समतोल. बाजूला या अकरा विषयांच्या सरकत्या पट्ट्या आहेत. प्रत्येक विषयाला शून्य ते पाच यांदरम्यान आपल्याला वाटेल तेवढा भारांक, म्हणजे महत्त्वाचे वजन, द्यायचा. भारांक वाढवला की ती पाकळी रुंद होते, पाकळीच्या लांबीवरून त्या विषयातील देशाची कामगिरी कळते आणि फुलाच्या उंचीवरून एकूण गुण. पट्टी सरकवताच फुले वरखाली होऊ लागतात, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास आणखी थोडा वेळ पट्ट्या सरकवत बसतो. नोंदणी करावी लागत नाही, पैसे मागितले जात नाहीत. मोबाइलपेक्षा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहावे, म्हणजे पाकळ्यांमधील बारीक फरक नीट दिसतात.

या सेवेमागे मोठा वैचारिक इतिहास आहे आणि तो थोडा ठाऊक असल्यास तिचे मोल अधिक कळते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत ज्यांनी उभी केली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात इशारा दिला होता, की अशा मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे. इशारा मागे राहिला, आकडा पुढे गेला. पुढे २००८ मध्ये फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी जोसेफ स्टिग्लिट्झ, अमर्त्य सेन आणि झाँ-पॉल फितुसी यांचा आयोग नेमला. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या त्या आयोगाच्या अहवालाने उत्पादनाऐवजी लोकांच्या स्वास्थ्यावर, एका आकड्याऐवजी अनेक निर्देशकांवर आणि सरासरीबरोबरच वाटपावर भर द्यावा, असे सुचवले. बेटर लाइफ इंडेक्स हे त्या अहवालाचे जनतेसाठी केलेले रूप आहे. नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात, त्यामुळे पैशांचे ढीग आणि सुबत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हा नाशिककरांना कोणी आयोग नेमून सांगायला नको. तरीही त्यातला फरक नेमका कसा मोजायचा, हे मात्र शिकावेच लागते.

या सेवेचे खरे वैशिष्ट्य भारांकांत आहे. १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि सेन यांच्या साहाय्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक आणला. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींना सारखेच वजन आहे. ते वजन तज्ज्ञांनी ठरवले. तुम्हाआम्हाला त्यात बोलायला जागा नाही. बेटर लाइफ इंडेक्सने तो अधिकार वापरणाऱ्याच्या हाती दिला आणि त्यामुळे ज्यांची कधी कोणी मते विचारत नाही अशी माणसेही त्यावर बोलू लागतात. आमच्या घरी तसेच झाले. सासूबाईंनी आरोग्य आणि सुरक्षितता यांना पाच-पाच दिले आणि उत्पन्नाला एक. “पेन्शन वेळेवर येते, मग उत्पन्नाचं काय एवढं?” हे त्यांचे म्हणणे. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या माझ्या भाच्याने उत्पन्न आणि रोजगार यांना पूर्ण वजन दिले, आणि काम व आयुष्य यांच्या समतोलाला सरळ शून्य. मला आश्चर्य वाटले, कारण आमच्या घरात सर्वांत कमी झोप त्यालाच मिळते. तो म्हणाला, “मामी, ओव्हरटाइम मिळाला तर घराचा हप्ता सुटतो. समतोल नंतर बघू.”

या शून्यावर मी बराच विचार केला. माणूस जो भारांक देतो तो त्याच्या मूल्यांचा असतो, की त्याने कशाची आशा सोडली आहे याचा? सेन यांनी वारंवार मांडलेला मुद्दा असा, की अभावात दीर्घकाळ राहिलेली माणसे आपल्या इच्छाही अभावाच्या मापाने कापून घेतात, आणि म्हणून केवळ त्यांच्या पसंतीवरून त्यांचे भले कशात आहे हे ठरवता येत नाही. ज्या निर्देशांकाच्या वंशावळीत सेन यांचे नाव आहे, त्यानेच पसंतीला सर्वोच्च स्थान द्यावे, हे मला खटकले. वापरणाऱ्याने भारांक देताना त्याची आजची परिस्थिती काय आहे, हे विचारणारा एकही प्रश्न येथे नाही. मत नोंदवताना वय, लिंग आणि देश विचारला जातो, व्यवसाय किंवा कामाचे तास नाहीत. त्यामुळे भाच्याचे शून्य आणि निवांत निवृत्त माणसाचे शून्य एकाच राशीत जमा होते.

भारांकांविषयी आणखी एक निरीक्षण नोंदवण्यासारखे आहे. केवळ उत्पन्नाला वजन दिले की अमेरिका आणि लक्झेंबर्ग पुढे येतात, आणि केवळ समतोलाला दिले की अमेरिका बरीच मागे सरकते व मेक्सिको, कोलंबिया आणि तुर्कस्तान तळाशी जातात, कारण तेथे आठवड्याला पन्नास तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्या नोकरदारांचे प्रमाण मोठे आहे. टोकाचे भारांक दिले तर असे नाट्य दिसते. मात्र सर्वसाधारण माणूस जसे भारांक देतो, म्हणजे चार गोष्टींना जास्त आणि उरलेल्यांना बेताचे, तसे दिले तर नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड यांसारखे देश वरच असतात आणि क्रम फारसा हलत नाही. चांगले आरोग्य, चांगली घरे आणि चांगले शिक्षण बहुधा एकाच ठिकाणी नांदतात, म्हणून असे होते. सासूबाईंचे आणि भाच्याचे उत्तर इतके वेगळे असूनही दोघांच्या पडद्यावर वरची फुले जवळपास तीच होती. निवडीचे स्वातंत्र्य आहे, निवडीचा परिणाम कमी आहे.

आता मुख्य गोष्ट. या बागेत भारत नाही. ओईसीडीचे ३८ सदस्य देश आणि त्यांच्या जोडीला ब्राझील, रशिया व दक्षिण आफ्रिका एवढ्यांचीच फुले येथे आहेत. भारत संघटनेचा सदस्य नाही, आणि सदस्य नसूनही घेतलेल्या या तीन देशांतही तो नाही; त्यामुळे आपले फूल नाही. तरीही आपली पसंती नोंदवताना देश म्हणून भारताची निवड करता येते. म्हणजे आपले मत चालते, आपले जगणे मोजले जात नाही. मी मग कागदावर भारताचे, आणि जमेल तिथे नाशिकचे, फूल काढायचे ठरवले. या प्रयत्नातच सेवेच्या मर्यादा सर्वांत स्पष्टपणे कळल्या, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहिते.

पहिली अडचण घराच्या पाकळीत आली. या पाकळीतील एक निर्देशक म्हणजे माणशी खोल्यांची संख्या. सदस्य देशांची सरासरी १.७ च्या आसपास आहे आणि तळाच्या देशांत ती माणशी एका खोलीच्या जवळ आहे. नवीन नाशिकमध्ये, ज्याला आम्ही अजूनही सिडकोच म्हणतो, दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहणे ही काही अपवादाची गोष्ट नाही. तेथे हा आकडा ०.४ येतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीच्या घरात राहत होती. आता गुण देण्याची पद्धत पाहा : सर्वांत कमी आकडा असलेल्या देशाला शून्य, सर्वांत जास्त असलेल्याला दहा, आणि बाकीचे त्यांच्या मध्ये. पट्टीचा शून्य हा असा यादीतल्या देशांवरून ठरतो. आपला आकडा त्या शून्याच्याही खाली जातो. पाकळीची लांबी उणे येते, आणि असे फूल काढण्याची सोय या चित्रात नाही. भारताला सामील करून घेतले तर पट्टीचा तळ खाली जाईल आणि बाकी सगळे देश एकदम सुखी दिसू लागतील, हेही त्याच पद्धतीचे फळ.

हवेचेही तसेच. पर्यावरणाच्या पाकळीतील दोनपैकी एक निर्देशक हवेतील पीएम २.५ या सूक्ष्म कणांचा आहे. सदस्य देशांची सरासरी दर घनमीटरला सुमारे १४ मायक्रोग्रॅम. आपल्या राष्ट्रीय मानकानुसार वर्षभराची मान्य मर्यादाच ४० आहे, आणि नाशिक हे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील, मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत आहे. “नाशिकची हवा” हा आमच्याकडे अभिमानाने उच्चारला जाणारा शब्दप्रयोग असल्यामुळे ही नोंद पुष्कळांना रुचणार नाही.

पर्यावरणाचा दुसरा निर्देशक पाण्याचा. राहत्या भागातील पाण्याच्या दर्जाविषयी तुम्ही समाधानी आहात का, असा प्रश्न विचारून तो काढला जातो. गंगापूर धरणाचे पाणी ज्यांच्या नळाला येते त्यांनी त्याचे उत्तर देणे सोपे आहे. पण याच जिल्ह्यात पेठ आणि सुरगाणा हे तालुके आहेत. पावसाळ्यात तेथे धो धो पाऊस पडतो, डोंगरउतारावरून सारे पाणी वाहून जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत बायकांना तळ गाठलेल्या विहिरींतून हंडे भरून आणावे लागतात. तेथील प्रश्न दर्जाचा नंतर, अंतराचा आणि वेळेचा आधी. पाण्यासाठी किती चालावे लागते, कोणाला चालावे लागते आणि त्यात दिवसाचा किती भाग जातो, हे विचारणारी पाकळी या फुलात नाही, कारण ज्यांनी फूल आखले त्यांच्या देशांत हा प्रश्न उरलेला नाही. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंना मी अकरा विषय मराठीत वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “यात पाणी कुठंय?” पर्यावरणात, असे मी सांगितले. त्यांना ते पटले नाही, आणि आता मलाही पटत नाही.

रोजगाराच्या पाकळीने माझी सर्वांत अधिक निराशा केली. नोकरी जाण्याचा धोका, दीर्घकालीन बेकारी, वेतन आणि रोजगाराचे प्रमाण असे तिचे निर्देशक आहेत. पगारदार समाजासाठी ते योग्य आहेत. आपल्याकडे २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक लोक स्वयंरोजगारात आहेत आणि नियमित पगारावर साधारण २२ टक्के. लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन येणारा शेतकरी या पाकळीच्या दृष्टीने पूर्णवेळ रोजगारात आहे. त्याची नोकरी जाण्याचा धोका शून्य. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली तरी शुल्क राहिले, सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. या काळात तो एक दिवसही बेकार नव्हता. त्याची असुरक्षितता भावाची आहे, धोरणाची आहे, अवकाळी पावसाची आणि गारपिटीची आहे, आणि तिला या फुलात कोठेही जागा नाही. निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांनी हीच तक्रार केली असती, फक्त अधिक मोठ्या कर्जाच्या आकड्यासह.

काम आणि आयुष्य यांच्या समतोलाकडे पुन्हा येते. दीर्घ तास मोजताना येथे नोकरदारांचे कामाचे तास धरले जातात. घरातील विनावेतन कामाचा स्वतंत्र निर्देशक नाही. विश्रांती आणि स्वतःसाठी मिळणाऱ्या वेळेतून तो अप्रत्यक्षपणे डोकावतो, एवढेच. भारताच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जात असल्याचे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे जात असल्याचे दिसले. जीडीपीवर सर्वांत जुना आणि सर्वांत योग्य आक्षेप हाच आहे, की घरात केलेला स्वयंपाक त्यात येत नाही आणि तोच डबा विकत घेतला की येतो. जीडीपीपलीकडे जाण्याचा दावा करणाऱ्या साधनानेही तोच आक्षेप अर्धवट सोडावा, याचे मला नवल वाटते. काही विषयांत स्त्री-पुरुषांतील फरक ही सेवा वेगळा दाखवते, तेवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

नागरी सहभागाची पाकळी वाचताना थोडे हसू आले. तिच्यातील मतदानाच्या आकड्यात ऑस्ट्रेलिया नव्वद टक्क्यांच्या वर आहे. पण तेथे संघीय निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे आणि न केल्यास दंड होतो. उलट नाशिकमध्ये महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. या काळात नळ, रस्ता किंवा पथदिव्याची तक्रार घेऊन जायला प्रभागाला नगरसेवकच नव्हता, आणि राष्ट्रीय मतदानाच्या टक्केवारीत त्याचा मागमूसही लागत नाही. नागरिकांना नियम बनवताना विचारले जाते का, हे पाहणारा दुसरा निर्देशक आहे; तोही देशपातळीवरचा आहे.

समाजाचा आधार आणि जीवनाविषयी समाधान या दोन पाकळ्यांविषयी थोडक्यात. अडीअडचणीला धावून येईल असे कोणी तुमच्याकडे आहे का, हा पहिल्या पाकळीचा प्रश्न मला संपूर्ण साधनातील सर्वोत्तम वाटला, कारण तो कोणत्याही देशात, कोणत्याही थरात तितक्याच सरळपणे विचारता येतो. दुसऱ्या पाकळीत शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे सांगायचे असते. सासूबाईंनी “देवाच्या कृपेने सगळं चांगलं आहे” म्हणत आठवी पायरी सांगितली आणि नंतर बराच वेळ गुडघ्यांविषयी बोलल्या. परक्यापुढे कुरकुर करू नये, अशा संस्कारांत वाढलेल्या पिढीची आठवी पायरी आणि फिनलंडमधील माणसाची आठवी पायरी एकाच उंचीची असेल, याची मला खात्री वाटत नाही.

या फुलाला आणखी दोन गोष्टी दाखवता येत नाहीत, आणि दोन्ही २००९ च्या आयोगाने ठळकपणे मांडल्या होत्या. पहिली विषमता. फूल देशाच्या सरासरीचे असते. २०२५ च्या मानव विकास अहवालात भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि क्रमांक १९३ देशांत १३० वा आहे. विषमता हिशेबात घेतली की त्याच अहवालानुसार ते मूल्य ३०.७ टक्क्यांनी घटते. एकाच नाशिक जिल्ह्यात ओझरच्या विमान कारखान्याच्या वसाहतीतील जीवन आणि सुरगाण्याच्या पाड्यावरचे जीवन असताना जिल्ह्याची सरासरीसुद्धा फसवी ठरते, तेथे देशाच्या सरासरीची काय कथा. दुसरी गोष्ट भविष्य. आजचे स्वास्थ्य आणि उद्यासाठी राखलेली साधने यांचा हिशेब वेगळा ठेवावा, असे आयोगाने म्हटले होते. येथे केवळ आजचा हिशेब आहे. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस नाशिकमध्ये जो वाद पेटला, तो नेमका याच ठिकाणचा होता. कुंभमेळ्याची कामे, निवास, वाहतूक आणि व्यापार यांमुळे रोजगाराची आणि उत्पन्नाची पाकळी वाढते. झाडांचा तोटा पर्यावरणाच्या पाकळीत लगेच दिसेलच असे नाही, तो पुढील कित्येक उन्हाळ्यांवर विभागून येतो. एका पाकळीचे पोषण दुसरीच्या मुळावर येत असेल तर ते या चित्रातून कळत नाही. ओईसीडीच्याच ‘हाउज लाइफ’ या अहवालमालेत नैसर्गिक, मानवी, सामाजिक आणि आर्थिक भांडवलाचा स्वतंत्र विचार असतो, त्यामुळे संस्थेला हे ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. सामान्य वाचकासाठी सोपे करताना ते गळले.

मग नाशिकच्या माणसाने दुसरे काय वापरावे? तुलनेसाठी मी जे पाहिले त्यातील नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक मला सर्वांत उपयुक्त वाटला. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे बारा निर्देशक, त्यांत स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, बँक खाते अशा आपल्या ओळखीच्या गोष्टी, आणि मुख्य म्हणजे जिल्हानिहाय आकडे. २०२३ च्या अहवालानुसार देशातील बहुआयामी दारिद्र्यातील लोकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. त्याचे रूप मात्र पूर्णपणे सरकारी आहे. तक्ते पाहून घरातील कोणीही पट्ट्या सरकवायला येणार नाही. शिवाय तो दारिद्र्य मोजतो, त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आलेल्या माणसाचे पुढे काय, यावर तो गप्प असतो.

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचा राहणीमान सुलभता निर्देशांक शहरांसाठी होता. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या क्रमवारीत १११ शहरे होती आणि दहा लाखांवरील लोकसंख्येच्या गटात बंगळुरू पहिले व पुणे दुसरे आले. जीवनमानाला ३५, नागरिकांच्या मतांना ३०, शाश्वततेला २० आणि आर्थिक क्षमतेला १५ टक्के वजन होते. नागरिकांच्या मतांना एवढे वजन देणे कौतुकास्पद आहे. पण क्रमवारी आली की शहराशहरांतील चुरशीच्या बातम्या होतात, आणि कोणत्या निर्देशकावर आपण का मागे पडलो हे वाचायला कोणी थांबत नाही. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकाचा उल्लेख करायला हवा : नऊ क्षेत्रे, तेहेतीस निर्देशक, आणि त्यांत वेळेचा वापर, सांस्कृतिक वैविध्य, मानसिक स्वास्थ्य यांनाही स्थान. तो मुळात स्थानिक लोकांना दीर्घ प्रश्नावली विचारून घडवलेला आहे, आणि पाकळ्या कोणत्या असाव्यात हे आधी आपल्या समाजाकडे पाहून ठरवायचे, हा धडा ओईसीडीपेक्षा भूतानकडून अधिक चांगला मिळतो.

एवढ्या तक्रारींनंतरही मी ही सेवा वापरण्याची शिफारस करते, विशेषतः शिक्षकांना, ज्येष्ठ नागरिक संघांना आणि वाचकगटांना. अट एकच : फुलांच्या क्रमाकडे दुर्लक्ष करावे आणि भारांकांच्या पट्ट्यांवर चर्चा करावी. आमच्याकडे अर्ध्या तासात जेवढे बोलणे झाले तेवढे अर्थसंकल्पावरच्या कोणत्याही कार्यक्रमाने घडवले नव्हते. इंग्रजी आणि काही युरोपीय भाषांतच ती उपलब्ध असल्यामुळे मराठीत वाचून दाखवणारे कोणीतरी सोबत असावे लागते. काही निर्देशकांची माहिती काही वर्षांपूर्वीची आहे, म्हणून आकडा उद्धृत करण्याआधी त्याचे वर्ष तपासावे. देशवार पानांवर प्रत्येक निर्देशकाचा अर्थ स्वच्छ भाषेत दिला आहे. तो भाग फुलांपेक्षा कमी आकर्षक आणि अधिक कामाचा आहे.

शाळेत वापरायची असल्यास मी एक बदल सुचवेन. मुलांना संकेतस्थळ दाखवण्यापूर्वी कोरा कागद द्यावा आणि आपापल्या घरच्यांना विचारून पाकळ्यांची नावे लिहून आणायला सांगावीत. आमच्या घरातील कागदावर अकराऐवजी चौदा पाकळ्या झाल्या. पाणी, शेतमालाचा भाव आणि घरातील बायकांना मिळणारा मोकळा वेळ या तीन नव्या होत्या. त्यांपैकी शेवटची सासूबाईंनी सुचवली आणि तिला पाचपैकी पाच दिले.